आधी फिल्टरची पिशवी, मग बाकीचं

पोराच्या मोटोक्रॉसला, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाईक रेसला निघताना, गाडीत सगळ्यात आधी एअर फिल्टरची (इंजिनात धूळ जाऊ न देणाऱ्या स्पंजांची) पिशवी ठेवा. गाद्या घालायच्या आधी, शेगडी चढवायच्या आधी, पोरगं झोपेतून उठायच्या आधी. हेल्मेट विसरून रेसला पोचलेले आईबाप मी अजून पाहिलेले नाहीत. फिल्टर विसरून पोचलेले पाहायचे असतील तर जुळे सोलापुरात आमच्या घरी या, चहा पाजते.

झालं असं. मागच्या डिसेंबरात आम्ही नाशिकला निघालो. मी, हे, सासूबाई, नऊ वर्षांचा लेक आणि त्याची ६५ सीसीची टू-स्ट्रोक बाईक. गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. मधल्या सीटा काढून दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि मागच्या दाराशी बाईक बांधायची जागा केलेली. शेजारी तिला ‘विंचवाचं बिऱ्हाड’ म्हणतात. पहाटे साडेतीनला निघालो, टेंभुर्णीला चहा झाला, करमाळा मागे पडलं, आणि सासूबाई म्हणाल्या, “अगं, गॅलरीत ते निळं निळं स्पंजासारखं काय टांगलं होतंस? मला वाटलं भांडी घासायचं.”

पाच फिल्टर. रात्री तेल लावून टांगलेले. मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी आरशात पाहिलं. म्हणाले, “नाशिक मोठं गाव आहे, मिळतील.” नाशिक मोठं गाव आहे. मिळाले नाहीत. दुकानदार स्प्लेंडरचा कागदी फिल्टर काढून दाखवत होते.

बाईकला लावलेला एकच होता, तो प्रॅक्टिसमध्येच धुळीने भरला. मग आम्ही अडाण्यासारखं तो पेट्रोलमध्ये धुतला. फोमचे तुकडे ज्या गोंदाने चिकटवलेले असतात तो पेट्रोलने सुटतो, आणि आमचा सुटलाच. वर साधं इंजिन ऑइल चोपडून बसवला. पहिल्या मोटोत (मोटो म्हणजे स्पर्धेतली एक शर्यत) पोरगं सातवं आलं. दुसऱ्या मोटोत तिसऱ्या लॅपला बाईकचा आवाज बदलला, आणि नंतर किक मारली तर पाय नुसता खाली जायला लागला, काही अडतच नव्हतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलेलं. बारीक माती आत जाऊन पिस्टन, रिंगा आणि सिलिंडरच्या आतला थर सगळं घासलं गेलं. चारशे रुपयांच्या स्पंजापायी. खर्चाचा आकडा मी सांगणार नाही, सासूबाईही हे वाचतात.

तर फिल्टर किती? प्रॅक्टिसला एक, क्वालिफाइंगला एक, दोन मोटोंना दोन, आणि एक वरकड. पाच. ट्रॅकवर टँकरने पाणी मारलं असलं तरी पाचच. धुवायला फिल्टर क्लीनर किंवा रॉकेल (आता रॉकेल कुठलं मिळतंय म्हणा), मग साबणाचं कोमट पाणी, मग सावलीत पूर्ण वाळवणं. ओल्या फोमला तेल धरत नाही. नंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत फिल्टर घालायचा, वर फिल्टरचं तेल ओतायचं आणि कणीक तिंबल्यासारखं बाहेरून दाबत राहायचं. रंग सगळीकडे सारखा आला पाहिजे. पिळायचा नाही, धोतर नाही ते. दाबून जादा तेल काढायचं. हे तेल लावताना पातळ असतं, रात्रभर उघडं ठेवलं की चिकट होतं आणि मग धूळ धरतं. म्हणूनच ते गॅलरीत होते, म्हणूनच राहिले.

यावरून मला एक कळलंय. विसरायला होतं ते बांधून ठेवलेलं सामान नव्हे. वाळत असलेलं, चार्जिंगला लावलेलं आणि फ्रीजमध्ये असलेलं सामान राहतं, कारण ते ढिगात नसतं. आमच्या दारावर आता खडूने तीनच शब्द आहेत: दोरी, प्लग, फ्रीज. निघताना त्या तीन ठिकाणी हात लावून यायचं. नुसतं आठवून चालत नाही, मलाही सगळं आठवत होतं.

आता गाडी. टायरची हवा, डिझेल, फास्टॅग, पीयूसी, हे सांगायला नको. पुण्याकडे निघालात तर सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे नाके लागतात, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. सीटा काढून पलंग केले असतील तर आरसी बुकात तशी नोंद करून घ्या, नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते. छतावर एसी किंवा सोलर पॅनेल बसवलं असेल तर टेपने उंची मोजा आणि आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. रेल्वेच्या पुलाखाली शिरताना कुणाला आठवत नाही. बाईक चार बाजूंनी पट्ट्यांनी बांधा, समोरचं सस्पेन्शन थोडं दबेल इतकं ताणून. मागच्या पलंगावर कुणी झोपणार असेल तर गाडी थांबलेली असतानाच. चालत्या गाडीत सगळ्यांना सीट आणि पट्टा, सासूबाईंनासुद्धा.

पाणी. आपल्या सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं हे परगावच्या लोकांना सांगून खरं वाटत नाही, पण निघायची तारीख ठरवताना मी कॅलेंडरवर आधी पाण्याचा दिवस बघते. टाकी त्याच दिवशी भरायची. दोनशे लिटरची टाकी असेल तर पिण्याचं पाणी त्यातलं नाही, ते वेगळे दोन जार. ट्रॅकवर बाईक धुवायला पाणी मिळेल अशी आशा ठेवू नका, मिळालं तर रांग असते. वापरलेलं पाणी पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या-तंबू लावायच्या जागेत) सोडू नका. एकाने सोडलं तर चिखल सगळ्यांच्या तंबूत येतो, आणि मग चार महिने तुम्हाला त्याच नावाने ओळखतात.

पेट्रोल आणि गॅस एका गाडीत, याची मला अजून भीती वाटते. पाच किलोचं छोटं सिलिंडर पुढच्या बाजूला, पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात मागे बाईकपाशी, आणि शेगडी फक्त गाडीबाहेर. आमच्या ह्यांना एकदा आतच चहा ठेवायचा होता. मी खाली उतरून उभी राहिले, मग त्यांनी बाहेर ठेवला.

टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. प्रमाण तुमच्या बाईकच्या मॅन्युअलमध्ये असेल तेच, शेजारच्या रायडरच्या काकांचं नाही. १:४० असेल तर पाच लिटरला १२५ मिली, १:६० असेल तर साधारण ८३ मिली. औषधाचं मापाचं भांडं ठेवा, ‘एक झाकण’ वगैरे नको. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं. म्हणून मिसळलेलं पेट्रोल पुढच्या रेससाठी महिनाभर डब्यात ठेवू नये. आणि ही बाईक रस्त्यावर चालवायची नसते, तिला आरटीओचा नंबर नसतो, तेव्हा ‘पंपावर नेऊन भरून आणतो’ हा विचारही नको. डबाच न्यावा लागतो.

फिल्टर ठेवले का? वाचणं थांबवा आणि पिशवी बघून या.

बाईकचे सुटे भाग: क्लच लिव्हर, ब्रेक लिव्हर, गिअर लिव्हर, दोन स्पार्क प्लग, पुढची-मागची ट्यूब, चेन लिंक, चेनचा स्प्रे, हवेचा गेज. पोरं पडतात आणि पडली की आधी लिव्हर मोडते, म्हणून लिव्हर दोन-दोन. स्पोक रोज संध्याकाळी हाताने चाचपा. फिल्टर बसवताना त्याच्या कडेला बोटाने ग्रीसचा पातळ थर द्या, म्हणजे कडेने माती शिरत नाही. आणि काढल्यावर आतल्या नळीत स्वच्छ बोट फिरवून बघा. बोटाला कचकच लागली तर कितीही छान तेल लावलेला फिल्टर असो, बसवताना चूक झाली आहे.

पोराचं सामान त्याला स्वतःला भरू द्या आणि मग त्याच्या पाठीमागे मोजा. बूट, नी-गार्ड, छातीचा गार्ड, मानेचा ब्रेस, हातमोजे दोन जोड, गॉगल आणि त्यावरच्या, चिखल बसला की ओढून काढायच्या पारदर्शक पट्ट्या. गॉगल पुसायला आपल्या सोलापूरचे टॉवेल न्या, एक-दोन नाही, डझनभर. एक घामाला, एक चिखलाला, एक चाकांना, एक उन्हात मानेवर ओला ठेवायला. आमच्या गल्लीतला यंत्रमागवाला सेकंडचा माल किलोवर देतो, पॅडॉकमध्ये लोक मागायला येतात. एकाने तर विकत मागितला. सासूबाईंनी दिला आणि पैसेही घेतले.

खाणं. बाकीचे मॅगी करत बसतात. तुम्ही कडक भाकरी न्या. पातळ, कुरकुरीत, कापडात गुंडाळली की आठवडाभर टिकते. शेंगाची चटणी त्याहून जास्त. वर दही मिळालं तर घ्या, नाहीतर तेल. रेसच्या सकाळी पोराला भाकरी-चटणी देऊ नका मात्र, तिखटाने पाणी पाणी करतं. त्याला केळी, पोहे, भात. पाण्यात ओआरएस, त्याला आवडो न आवडो. डिसेंबरात थंडी असली तरी जॅकेट-गार्डच्या आत पोरगं भिजून निघतं.

जानेवारीत निघणार असाल तर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत गाडी गावातून काढायचा हट्ट करू नका. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला रस्ते बंद असतात. आणि खरं सांगायचं तर पोरालाही गड्डा सोडून रेसला यायचं नसतं, त्याला पाळण्यात बसायचं असतं. आम्ही त्या आठवड्यात कुठे जात नाही.

कागद. पोराचा जन्मदाखला (वयाचा गट त्यावर ठरतो), आधार, फोटो, आईबापाचं संमतिपत्र, आणि जिथे लागतं तिथे एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं) चालू वर्षाचं लायसन्स. डॉक्टरचा फिटनेसचा दाखला. रक्तगट मोठ्या अक्षरात. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का. आरोग्य विम्यात धाडसी खेळ वगळलेत का ते घरीच वाचा, अक्षर बारीक असतं आणि दवाखान्याच्या काउंटरवर ते आणखी बारीक दिसतं. ट्रॅकपासून हाडांच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता आदल्या दिवशी एकदा गाडीने जाऊन बघा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

आमच्या ह्यांना अमेरिकेचं वेड आहे. तिकडे टेनेसीत हरिकेन मिल्स नावाच्या गावी गायिका लोरेटा लिन यांच्या रँचवर १९८२ पासून हौशी रायडरांची राष्ट्रीय स्पर्धा होते. आधी निवडीच्या फेऱ्या, मग एकेका वर्गात ४२ जण, तीन-तीन मोटो, आणि नदीकाठी कुटुंबंच्या कुटुंबं मोटरहोम लावून आठवडाभर राहतात. ह्यांनी तो व्हिडिओ दाखवून मला ट्रॅव्हलर घ्यायला लावली. त्या व्हिडिओत कुणी फिल्टर विसरलेला नव्हता.

पोचलात की शुक्रवारी उजेडात पोचा. सपाट जागा, जनरेटर कुणाच्या खिडकीखाली नाही, बाईक उतरवून लगेच तपासणीला. संध्याकाळी पोराला ट्रॅक चालत दाखवा, उड्या कुठे आहेत ते पायाने कळतं. ट्रॅकची माती हातात घेऊन बघा. पिठासारखी बारीक असेल तर पाच फिल्टरही कमी पडतील, म्हणून क्लीनर आणि तेलाची बाटली सोबत हवीच. क्लीनर लिहायला मी आत्ता विसरत होते.

रेसच्या दिवशी सांगण्यासारखं फार नाही. लवकर उठा, रायडरांना दिलेल्या सूचना ऐका, दर सत्रानंतर फिल्टर बदला, वापरलेला वेगळ्या पिशवीत. नव्याच्या पिशवीत नाही, ते मी एकदा बघितलंय दुसऱ्याचं. हवा, चेन, स्पोक. पोराला ओरडू नका. हे ओरडतात.

परत येताना ट्रॉफी असो नसो, रात्री गाडी चालवू नका, भिगवणला मासे खा, झोपा. घरी आल्यावर बाईक धुणं उद्यावर टाका, कपडे परवावर. फिल्टर मात्र त्याच रात्री क्लीनरमध्ये. सकाळी ते वाळत घालायचे तर आमच्या घरात आता गॅलरीत नाही, ट्रॅव्हलरच्या आत, स्टिअरिंगलाच दोरी बांधून.