वणव्याचा धूर : खिडक्या बंद करूनही होणाऱ्या या चुका टाळा

नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील पॅराडाइज गाव वणव्यात जळाले, तेव्हा त्याचा धूर दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या सॅन फ्रान्सिस्को परिसरावर जवळजवळ दोन आठवडे साचून राहिला होता. अशा दिवसांत दारे-खिडक्या लावून घेतल्या की काम भागले, असे अनेकांना वाटते. पण धुरातील सर्वांत घातक कण २.५ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात आणि चौकटींच्या फटींतून ते आत येतच राहतात. त्यातच स्वयंपाकघरातला किंवा बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन चालू असेल, तर तो जेवढी हवा बाहेर फेकतो, तेवढीच धुरकट हवा घर त्या फटींतून आत ओढते. एकाच नळीचा पोर्टेबल एसी हेच करतो, आणि पाण्यावर चालणारा कूलर तर बाहेरचीच हवा घरात सोडतो.

मराठी घरांची खरी अडचण ओट्यापाशी आहे. पंखा लावावा तर बाहेरचा धूर येतो, न लावावा तर फोडणीचा आणि तळणाचा धूर आतच कोंडतो. म्हणून तेवढे दिवस कुकरातला वरणभात, उकडलेल्या भाज्या असे साधे जेवण बरे. उदबत्ती आणि धूपही टाळावा, देव समजून घेईल.

अमेरिकेतील अनेक घरांत मध्यवर्ती एसी असतो. त्याचा बाहेरची हवा घेणारा झडप-मार्ग बंद करावा, यंत्रणेला झेपत असेल तर ‘मर्व्ह १३’ दर्जाचा फिल्टर (हा आकडा जितका मोठा, तितके बारीक कण अडतात) बसवावा आणि पंखा ‘ऑटो’वर न ठेवता ‘ऑन’वर ठेवावा, कारण ‘ऑटो’वर खोली थंड झाली की पंखा थांबतो आणि हवा गाळणेही थांबते.

एअर प्युरिफायर घेताना खोलीच्या मानाने लहान यंत्र घेणे, ही नेहमीची चूक. धुरासाठी त्याचा ‘सीएडीआर’, म्हणजे यंत्र दर मिनिटाला किती घनफूट स्वच्छ हवा देते तो आकडा, खोलीच्या चौरस फुटांइतका तरी असावा. ओझोन सोडणारी यंत्रे मात्र घेऊच नयेत; ओझोन फुप्फुसांना अपायकारकच असतो. धुराचा वास गेला म्हणजे कण गेले, असेही नाही.

बाहेर जाताना तोंडाला ओला रुमाल बांधणे निरुपयोगी आहे. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. घर बंद ठेवून उकाडा असह्य होत असेल, तर वृद्धांना आणि लहान मुलांना एसी असलेल्या सार्वजनिक ठिकाणी न्यावे. हवा सुधारली की लगेच खिडक्या उघडाव्यात आणि काळा पडलेला फिल्टर बदलावा.