आधी जिवाणू, मग मासे

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने हौसेने दोन फुटी काचेची टाकी आणली. दुकानात सांगितलं, पाणी भरा, फिल्टर लावा, संध्याकाळी मासे सोडा. बारा गप्पी आणि दोन गोल्डफिश आले. चौथ्या दिवशी सकाळी तिचा रडवेला फोन आला. पाच मासे तळाशी पडले होते, बाकीचे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ.

मी पाण्यातला अमोनिया मोजायचं टेस्ट किट घेऊन गेले. नळीत ५ मिली पाणी, किटमधल्या दोन्ही बाटल्यांतले आठ-आठ थेंब, पाच मिनिटं थांबायचं. पाणी पिवळं राहिलं तर ठीक. ते गर्द हिरवं झालं. माशांना विषारी असलेला अमोनिया ४ पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या) वर होता. उरलेले मासे मी माझ्या जुन्या टाकीत आणले आणि तिची टाकी पहिल्यापासून, माशांशिवाय उभी केली. ती कशी, ते सांगते.

मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, कारण त्यामुळे माशांच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. मग नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट करतो. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी, पाणी बदलून आणि वनस्पती लावून ते आटोक्यात राहतं. जुन्या पुस्तकांत दुसऱ्या पायरीला नायट्रोबॅक्टरचं नाव असतं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतो, हे १९९८मध्ये पुढे आलं.

हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते स्पंजला, वाळूला, काचेला चिकटून पातळ बुळबुळीत थर करतात. आणि फार सावकाश वाढतात. इतर कित्येक जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना पंधरा तासांपासून दिवसभर लागतो. म्हणून महिना-दीड महिना धीर धरावाच लागतो.

दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावतं. वाळू, दगड वजा जाता ५० धरा. नळाचं पाणी उघड्या बादल्यांत दिवसभर ठेवा किंवा अँटीक्लोरीनचे थेंब घाला. क्लोरीन जसा नळातल्या जंतूंना मारतो तसाच आपल्या जिवाणूंनाही मारतो. आरओचं पाणी नको. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातला आम्ल शमवणारा क्षार खर्च होतो. आरओत तो जवळजवळ नसतोच, मग पीएच (आम्लतेचं माप, कमी म्हणजे पाणी जास्त आम्ल) घसरतो आणि साडेसहाच्या खाली गेला की काम मंदावतं. स्पंज फिल्टर आणि एअर पंप पुरेसा आहे, फक्त तो रात्रंदिवस चालला पाहिजे. या जिवाणूंना प्राणवायू लागतो. नाशिकला नोव्हेंबरच्या रात्री पाणी गार पडतं, म्हणून आम्ही हीटर २८ अंशांवर ठेवला.

आता जिवाणूंचं खाणं. मी तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलं, त्यामुळे मला अमोनियम क्लोराईड सोयीचं वाटतं. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे हेच. पण बाजारातल्या नवसागरात आणखी काय असेल सांगता येत नाही, म्हणून शुद्ध पावडर आणा. १० ग्रॅम पावडर विरघळवून एक लिटर द्रावण करा, बाटलीवर ठळक चिठ्ठी लावा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. या द्रावणातले ३१ मिली ५० लिटर पाण्यात घातले की अमोनिया २ पीपीएम होतो. जास्त घालून काम लवकर होत नाही. ५ पीपीएमच्या पुढे उलट अडथळाच होतो.

विरजण मिळालं तर उत्तम. निरोगी, जुन्या टाकीतला स्पंज नव्या फिल्टरशेजारी ठेवला की कित्येक दिवस वाचतात. भाचीच्या टाकीत मी मुद्दाम काही घातलं नाही, तिला सगळं मुळापासून बघायचं होतं. बाटलीतल्या जिवाणूंबद्दल एवढंच, की आधी लेबल वाचा. बॅसिलस लिहिलं असेल तर ते गाळ कुजवायला उपयोगी, पण हे काम त्यांचं नाही.

तिने फ्रिजवर कागद लावून रोज नोंद केली. पहिले आठ दिवस अमोनिया हलला नाही. पाचव्या दिवशी पाणी दुधाळ झालं, ती घाबरली. ते वेगळे जिवाणू असतात, आपोआप निवळतं. अकराव्या दिवशी अमोनिया १ वर आला आणि नायट्राइटची नळी आकाशी राहायची ती जांभळी झाली. मग अमोनिया शून्यावर आला की १५ मिली द्रावण, असं चालू ठेवलं. विसाव्या दिवशी नायट्राइट किटच्या पट्टीबाहेर गेलं, तेव्हा अर्धं पाणी बदललं. मधले दोन आठवडे सगळ्यात कंटाळवाणे, रोज तोच जांभळा रंग. इथेच बहुतेक लोक मासे आणून मोकळे होतात. तुम्ही आणू नका. छत्तिसाव्या दिवशी नळी आकाशी दिसली आणि तिने मला फोटो पाठवला.

तरी एक परीक्षा राहते. पुन्हा पूर्ण ३१ मिली घाला. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, आणि दुसऱ्या दिवशीही असंच झालं, तर टाकी तयार. साठलेलं नायट्रेट जावं म्हणून ७० टक्के पाणी बदला, तापमान २६ अंशांवर आणा, आणि त्याच दिवशी पाच-सहा गप्पी सोडा. जिवाणूंना उपाशी ठेवायचं नाही. पुढचे मासे दोन आठवड्यांनी. गोल्डफिश या मापाच्या टाकीत नकोतच.

नंतर एका सवयीला मात्र कायमचा रामराम करा. दर रविवारी मासे बादलीत काढून टाकी, वाळू, स्पंज सगळं नळाखाली घासून लख्ख करायचं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. एका सकाळीत महिन्याची मेहनत गटारात जाते. आठवड्याला पाव भाग पाणी बदला. स्पंजातून पाणी यायचं कमी झालं, तरच तो टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा. तपकिरी राहिला तरी चालेल.

वीज जाणार असेल तर बॅटरीवरचा छोटा एअर पंप जवळ ठेवा. तो नसेल तर स्पंज पाण्यातच राहू द्या, आणि वीज येईपर्यंत दर अर्ध्या तासाने मगने टाकीतलंच पाणी उंचावरून ओता. त्या दिवशी माशांना खाणं घालू नका.