माध्यमिक शाळेत सोबती गट कसा उभा करावा

आठवी-नववीतले मूल अडचणीत असते तेव्हा ती गोष्ट बहुतेक वेळा सर्वांत आधी शेजारच्या बाकावरच्या मुलाला कळते. वर्गशिक्षकांना त्यानंतर, आणि आईवडिलांना कधीकधी सर्वांत शेवटी. जी मुले नाहीतरी ऐकतच असतात त्यांना नीट ऐकायला शिकवायचे, आणि ऐकलेले कोणत्या मोठ्या माणसाच्या हाती सोपवायचे हे आधीच ठरवून द्यायचे, एवढेच सोबती गटाचे काम आहे. यातला दुसरा भाग मागे पडला तर हा उपक्रम न केलेलाच बरा, असे माझे मत आहे.

म्हणून मुलांची निवड करण्याआधी मोठ्या माणसांची साखळी जुळवावी. आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी आरोग्यदूत म्हणून काम करणे अपेक्षित आहे. शक्यतो एक शिक्षिका आणि एक शिक्षक. आपल्या शाळेत ही नावे नुसती कागदावर असतील तर ती आधी जागी करावीत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मधील मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. तालुक्याच्या गावात समुपदेशक मिळणे सोपे नाही, हे मान्य आहे. पण ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक चालत असेल, तर तेथील समुपदेशकांना एकदा समक्ष भेटून यावे. अडचणीच्या दिवशी अनोळखी माणसाला फोन लावणे आणि ओळखीच्या माणसाला लावणे यांत पुष्कळ फरक पडतो. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा विनाशुल्क क्रमांक आणि मुलांसाठीचा मदतक्रमांक १०९८ हे दोन्ही मोठ्या अक्षरांत, मुलांना न थांबता वाचता येतील अशा ठिकाणी लावावेत. मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेरचा फलक ही ती जागा नव्हे, कारण तिथे उभे राहिलेले मूल साऱ्या शाळेला दिसते.

आता निवडीचे. वर्गप्रतिनिधी आणि पहिल्या तिघांत येणारी मुले यांनाच बोलावण्याचा मोह शिक्षकांना होतो. पण बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणाऱ्या मुलापाशी कोण कशाला मन मोकळे करील? त्यापेक्षा प्रत्येक तुकडीत कोऱ्या चिठ्ठ्या वाटाव्यात आणि “घरी भांडण झालं किंवा रडू आलं, तर वर्गातल्या कोणाशी बोलावंसं वाटेल?” या प्रश्नाला दोन नावे लिहायला सांगावीत, चिठ्ठीवर स्वतःचे नाव लिहायचे नाही. अशा चिठ्ठ्या उघडल्या की शिक्षकांना आपलाच वर्ग नव्याने कळतो. आमच्याकडे सर्वाधिक वेळा आलेले एक नाव तिसऱ्या बाकावरच्या, तोंडी परीक्षेतही कसेबसे दोन शब्द बोलणाऱ्या मुलाचे होते. दर तुकडीला दोन किंवा तीन सोबती पुरतात. त्यांत मुली-मुलगे दोन्ही असावेत, आणि एसटीने ये-जा करणारी, वसतिगृहातली, वेगवेगळ्या वस्त्यांवरची मुले असावीत. मुख्य भार नववीवर द्यावा. दहावीच्या मुलांच्या डोक्यावर बोर्डाचे ओझे पुरेसे असते. पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि कोणत्याही दिवशी कारण न देता बाजूला होण्याची मोकळीक मुलांना द्यावी. घरात नुकतेच दुःख झालेल्या मुलाचे नाव चिठ्ठ्यांत आले, तर त्याला या वर्षी थांबवावे. त्याला सध्या आधार द्यायचा आहे, त्याच्याकडून घ्यायचा नाही.

एक चूक सांगून टाकतो. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने सोबत्यांना पिवळे बिल्ले दिले. महिनाभर त्यांच्याकडे कोणी फिरकले नाही, कारण बिल्लेवाल्याशी बोलताना दिसणे म्हणजे आपल्याला ‘काहीतरी झालंय’ अशी जाहिरातच होती. दुसऱ्या वर्षी बिल्ले काढले, परिपाठात सोबत्यांची नावे फक्त एकदा वाचून दाखवली आणि पुढे त्याचा गवगवा केला नाही.

प्रशिक्षणासाठी शनिवारची शाळा सुटल्यावर दीड-दीड तासाची सहा सत्रे ठेवावीत. भाषणे टाळून तिघातिघांचे गट करावेत: एकाने बोलायचे, एकाने ऐकायचे, तिसऱ्याने नुसते पाहायचे. ऐकणाऱ्याने तीन मिनिटे कोणताही सल्ला द्यायचा नाही, हा पहिला नियम. पहिल्या अर्ध्या मिनिटात मुले हसतात, मग अस्वस्थ होतात, आणि दुसऱ्या मिनिटाला कोणीतरी “अरे, माझ्या ताईचंही असंच झालं होतं” असे म्हणून दुसऱ्याची गोष्ट आपल्याकडे ओढून नेते. तिथेच थांबवून तिसऱ्या मुलाला काय दिसले ते विचारावे. “एवढ्यात काय रडतोस”, “सगळं ठीक होईल” आणि “देवाचं नाव घे” ही वाक्ये वाईट हेतूने येत नाहीत, पण त्यांनी समोरच्याचे बोलणे संपते, हे मुलांना सांगण्यापेक्षा अशा वेळी दाखवून द्यावे. बोलण्याची सुरुवात कशी करावी यावर एक पूर्ण सत्र घालवावे. “तुला काय झालंय?” या प्रश्नाला “काही नाही” हेच उत्तर येते. “तू चार दिवस झाले डबा खायला खाली येत नाहीस, म्हणून विचारतोय” असे डोळ्यांना दिसलेले सांगितले, तर निदान संवादाला जागा राहते. मुले “मला नैराश्य आले आहे” असे म्हणत नाहीत. ती “पोटात दुखतंय”, “डोकं फिरलंय”, “कंटाळा आलाय” असे म्हणतात, किंवा खो-खोच्या सरावाला येणे बंद करतात. सोबत्याने आजाराचे नाव शोधायचे नाही, बदल टिपायचा.

सर्वांत जास्त वेळ गुपिताच्या प्रश्नाला द्यावा, कारण गट मोडतात ते तिथेच. आमच्या एका सोबतीने मैत्रिणीला “आईची शपथ, कोणाला सांगणार नाही” असे वचन दिले आणि ऐकलेली गोष्ट अकरा दिवस एकटीने वागवली. बाराव्या दिवशी तिच्याच आईने, मुलगी जेवत नाही म्हणून, शाळेत फोन केला. त्या मुलीची चूक नव्हती. वचन कसे द्यायचे ते आम्ही शिकवलेच नव्हते. आता प्रत्येक सोबती बोलणे सुरू होण्याआधीच हे म्हणतो: “तू सांगशील ते मी वर्गात कोणाला सांगणार नाही. पण तुझ्या किंवा आणखी कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा कोणी त्रास देत असेल, तर मी बाईंना सांगणार, आणि सांगण्याआधी तुला तसं सांगणार.” हे वाक्य नंतर म्हटले तर तो विश्वासघात ठरतो, म्हणून ते पाठ होईपर्यंत घोकून घ्यावे. स्वतःला इजा करण्याचे किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलणे, मारहाण किंवा नको तो स्पर्श, घरातून निघून जाण्याचा बेत, आणि वय भरलेले नसताना ठरत असलेले लग्न, यांपैकी काहीही कानावर आले तर ते त्याच दिवशी शिक्षकांकडे गेले पाहिजे. मरणाचे बोलणे निघाले तर त्या मुलाला एकटे सोडायचे नाही. एका सोबत्याने जवळ थांबायचे आणि दुसऱ्याने शिक्षकांना आणायचे.

तिथून पुढे सोबत्याचे काम संपते आणि आपले सुरू होते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यातील कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा होऊ शकते. ही शिक्षा मुलांना लागू होत नाही. ती आपल्याला लागू होते. शाळेच्या नावाला बट्टा लागेल म्हणून आधी आतल्या आत चौकशी करणे, पीडित मुलाला तीन-चार शिक्षकांपुढे तीच हकीकत पुन्हा सांगायला लावणे, हे दोन्ही टाळावे.

सोबत्यांसाठी दर आठवड्याला अर्ध्या तासाची बैठक ठेवावी आणि ती कोणत्याही सबबीवर, अगदी स्नेहसंमेलनाच्या तालमी असल्या तरी, रद्द करू नये. बैठकीत दुसऱ्यांच्या गोष्टी नावानिशी सांगायच्या नसतात, “या आठवड्यात तुला काय जड गेलं?” एवढेच विचारायचे. नोंदवहीत तारीख, साधारण विषय आणि पुढे कोणाकडे सोपवले इतकेच लिहावे, आणि वही कुलपात ठेवावी. मोबाइलचा नियम स्पष्ट असावा. रात्री अकरा वाजता व्हॉट्सअॅपवर घाबरवणारा संदेश आला, तर सोबत्याने एकट्याने उत्तरे देत बसायचे नाही. घरातल्या मोठ्या माणसाला उठवायचे, त्यांच्याकडून शिक्षकांना कळवायचे आणि १४४१६ ला फोन लावायचा. संमतीपत्र घेतानाच पालकांना हे सांगून ठेवावे, म्हणजे त्या रात्री “तुला कशाला पाहिजेत नसती उठाठेव” असे ऐकावे लागत नाही.

गटाला काम जूनमध्येच मिळते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आठवीला नव्याने आलेले मूल मधल्या सुट्टीत डबा घेऊन कुठे बसावे या विचारात उभे असते, आणि त्याला “आमच्यात ये” म्हणणे हे सोबत्याचे सर्वांत सोपे आणि बहुधा सर्वांत उपयोगी काम असते. वर्षअखेरीला मात्र किती ‘केसेस’ झाल्या हे मोजू नये. आकडा मागितला की मुले मैत्रीलाही केस म्हणू लागतात.

एप्रिलच्या शेवटच्या बैठकीत मात्र एक काम चुकवू नये. दहावीचा निकाल बहुधा मे महिन्यात, शाळा बंद असताना लागतो, आणि त्या दिवशी सोबती गावाला, मामाकडे किंवा लग्नात असतात. म्हणून दहावीतल्या आणि इतर तुकड्यांतल्या ज्या मुलांबद्दल वर्षभरात काळजी वाटली, त्या प्रत्येकाच्या नावापुढे सुट्टीत फोन करणाऱ्या एका शिक्षकाचे नाव लिहून ठेवावे. निकालाच्या दिवशीचा पहिला फोन दुपारी गुण कळण्याआधी, सकाळीच करावा.