मनाली–लेह मार्गावर जादा पेट्रोल सुरक्षितपणे कसे न्यावे

मनालीहून अटल बोगद्यातून बाहेर पडल्यावर केलांगच्या अलीकडे, चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमावर, तांदी येथे पेट्रोल पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे सांगणारा तेथील फलक इतका प्रसिद्ध झाला आहे की, पुण्या-मुंबईहून निघणारे कित्येक जण हिशेब न करताच दोन-तीन कॅन गाडीला बांधतात. सोबत घेतलेले प्रत्येक जादा लिटर हा जादा धोका असतो, म्हणून आधी गरज तपासावी.

मारुती जिम्नी या गाडीची टाकी ४० लिटरची आहे. सततचा चढ आणि खालच्या गिअरमधील प्रवास लक्षात घेऊन लिटरला १० किलोमीटर धरले, तर एवढ्या अंतराला साडेछत्तीस लिटर पेट्रोल लागते आणि हाताशी जवळजवळ काहीच उरत नाही. तिच्यासाठी २० लिटरचा एक कॅन न्यावा. ५७ लिटरची टाकी असलेल्या महिंद्रा थारमध्ये त्याच हिशेबाने २० लिटर शिल्लक राहते, त्यामुळे वाट सोडून त्सो मोरिरी सरोवरासारख्या ठिकाणी वळायचे नसेल, तर कॅन घेऊच नये.

कायद्याचीही मर्यादा आहे. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल सर्वसाधारणपणे परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत जवळ ठेवता येते, आणि ते धातूच्या भांड्यात ठेवायचे असल्यास ते भांडे घट्ट झाकणाचे व २५ लिटरपेक्षा मोठे नसावे लागते. २० लिटरचा पोलादी जेरीकॅन या नियमात बसतो. पाण्याच्या किंवा खाद्यतेलाच्या प्लास्टिकच्या डब्यात पेट्रोल कधीही भरू नये. नवा कॅनही तपासूनच घ्यावा: त्यात पाणी भरून, झाकण लावून तो रात्रभर वर्तमानपत्रावर आडवा ठेवावा. सकाळी झाकणाखालचा कागद ओला दिसला, तर वाशर बदलावा. नंतर कॅन आतून पूर्ण कोरडा करावा.

पंपावर कॅनमध्ये पेट्रोल मिळेल का, हे आधी विचारावे. भरताना कॅन गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवावा, नोझल त्याच्या तोंडाला टेकवावे आणि धार मंद ठेवावी, म्हणजे साठलेली स्थिर वीज ठिणगी न पडता जमिनीत उतरते. लाहौल-लडाखच्या कोरड्या, थंड हवेत फ्लीसच्या जाकिटावरही अशी वीज सहज साठते. कॅन काठोकाठ भरू नये, कारण उन्हाने पेट्रोल प्रसरण पावते.

कॅन कुठे ठेवावा, याचे पूर्ण समाधानकारक उत्तर बंद गाडीत मिळत नाही. आत ठेवणे सर्वांत वाईट, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि गाडीच्या तळाशी साचून राहते. मागच्या दाराला टांगलेला कॅन मागून धडक बसल्यास पहिला सापडतो, तर टपावर ठेवलेला सुमारे २० किलोचा भार आडव्या उतारावर गाडीचा तोल बिघडवतो. एकाच कॅनसाठी मी टपावरचा कॅरिअर पसंत करतो: कॅन मध्यभागी, उभा, खाली रबराची चटई आणि खटक्याने आवळायचे दोन रॅचेट पट्टे. खडबडीत रस्त्यावर पत्र्यावर पत्रा घासून कॅनला बारीक भोक पडू शकते, म्हणून प्रत्येक थांब्यावर हात फिरवून ओल, वास आणि घासल्याच्या खुणा पाहाव्यात.

कॅन शेवटपर्यंत राखून ठेवण्याची सवय मला चुकीची वाटते. वाटेतल्या पांग या तंबूंच्या वस्तीच्या आसपास पोहोचेपर्यंत जिम्नीच्या टाकीत जवळपास २० लिटरची जागा झालेली असते. तेव्हाच पेट्रोल टाकीत ओतावे, म्हणजे पुढची ‘तांगलांग ला’ ही सर्वांत उंच खिंड भरलेला कॅन डोक्यावर न घेता ओलांडता येते. मात्र पांगच्या तंबूंमध्ये दिवसभर स्टोव्ह पेटलेले असतात, त्यामुळे वस्तीपासून दूर, मोकळ्या व सपाट जागी थांबावे. इंजिन बंद करून थोडे निवू द्यावे, सर्वांना खाली उतरवावे आणि एकाला अग्निशामक घेऊन वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे करावे. ओतणाऱ्याने आधी टाकीच्या तोंडापासून दूर, गाडीच्या उघड्या धातूला हात लावावा. उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्याने कॅन फुगलेला असतो. झाकण झटक्यात उघडल्यास पेट्रोल तोंडावर उडू शकते, म्हणून चेहरा बाजूला ठेवून ते हळूहळू सैल करावे आणि फुसफुस थांबल्यावरच पूर्ण उघडावे. धातूची तोटी टाकीच्या तोंडाला टेकवून ओतावे. कपड्यांवर पेट्रोल सांडले, तर ते कपडे लगेच बदलावेत.

रिकाम्या कॅनमध्ये पेटू शकणारी वाफ उरते, म्हणून झाकण घट्ट लावून तो पुन्हा टपावरच बांधावा. परतीला मोटारसायकल ट्रकने पाठवून स्वतः विमानाने येणाऱ्यांनी असा वापरलेला कॅन सामानात घालू नये. विमानात तो चालत नाही. तो लेहमध्येच पुढे निघालेल्या एखाद्या प्रवाशाला देऊन टाकावा.