काचा-खिडक्या सफाईचा दर सांगताना या चुका टाळा

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये घरोघरी जाऊन काचा-खिडक्या साफ करून देणारे स्वतंत्र कारागीर आता पुष्कळ आहेत. कुणी हाउसकीपिंगची नोकरी सोडून आलेलं असतं, कुणी रंगकामातून. हात चांगला असतो, कामही मिळतं, पण महिनाअखेरीस खिसा रिकामाच. अशा वेळी ‘गिऱ्हाईक चिकट आहे’ म्हणून मोकळं होता येतं. पण बहुतेकदा घोळ आपल्याच हिशोबात असतो. आपण काच मोजतो आणि वेळ सोडून देतो.

चौरस फुटावर दर लावणं

रंगाचं, फरशीचं काम चौरस फुटावर चालतं म्हणून काचेचंही चालेल, असं वाटतं. नाही चालत. सहा बाय चारची साधी स्लायडिंग खिडकी घ्या. साबणाच्या पाण्याचा हात मारायचा, वायपर ओढायचा, कडा कापडाने टिपायच्या. एका बाजूची काच पाच-सात मिनिटांत होते. आता खालचा ट्रॅक बघा. पावसात वाहून आलेली माती सुकून दगड झालेली, त्यात कबुतराची पिसं, मेलेले किडे, मागच्या रंगकामाचे थेंब. पाणी बाहेर जायची भोकं बुजलेली. आधी कोरडा ब्रश, मग व्हॅक्यूम, मग पाणी, मग स्क्रूड्रायव्हरला कापड गुंडाळून कोपरे. तीन ट्रॅकची खिडकी असेल तर जाळीचा पल्ला काढून धुवायचा, वाळवायचा, परत बसवायचा. खिडकी एकच, पण घड्याळात अर्धा-पाऊण तास गेलेला असतो आणि त्यातला काचेचा वाटा सगळ्यात कमी.

बाथरूमच्या लूव्हरचंही, म्हणजे काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या खिडकीचंही, तेच. मापाला दोन-अडीच चौरस फूट, पण प्रत्येक पट्टी वेगळी काढायची, तेलकट साबणाचा थर घासायचा, परत सरकवायची. जुन्या वाड्यांतल्या, चाळींतल्या लाकडी झडपा असतील तर छोटी छोटी तावदानं, आणि प्रत्येक तावदानाला चार कोपरे. वायपर तिथं वळतच नाही, सगळं कापडानं. याउलट नव्या फ्लॅटमधली बाल्कनीची उंच फ्रेंच विंडो दिसायला अवाढव्य, पण सरळ दोन हातांत निघते. चौरस फुटाचा दर लावला की फ्रेंच विंडोवाल्याकडून जास्त घेता आणि लूव्हरवाल्याकडे फुकट राबता. एक अन्याय गिऱ्हाइकावर, दुसरा तुमच्यावर.

दर नगावर ठेवा आणि नगाचा प्रकार सांगा: दोन ट्रॅक स्लायडिंग, तीन ट्रॅक जाळीसकट, लूव्हर, झडपेची खिडकी, फ्रेंच विंडो. बॉक्स ग्रिल, म्हणजे खिडकीबाहेर काढलेला गजांचा पिंजरा, असेल तर तिचे वेगळे, कारण हात आत जात नाही आणि गजही पुसून द्या, असं शेवटी म्हणतातच. प्रत्येक प्रकाराला तुम्हाला स्वतःला किती मिनिटं लागतात, ते चार-सहा कामांत मोबाइलच्या घड्याळावर टिपून ठेवा. दुसऱ्या कुणाचा वेळ तुमच्या कामाचा नाही.

स्वतःची हजेरी न धरणं

‘पेट्रोल शंभर, लिक्विड वीस, बाकी सगळा नफा.’ हा हिशोब धंदा बुडवतो. हेल्परला रोज देताना तुम्ही काटेकोर असता आणि स्वतःचा रोज मात्र उरलंसुरलं म्हणून घेता.

हिशोब उलटा करा. समजा घराला महिन्याला २५,००० लागतात. धंद्याचा खर्च, म्हणजे पेट्रोल, गाडीची सर्व्हिसिंग, वायपरची रबरं, मायक्रोफायबर कापडं, रिचार्ज, मोडतोडीसाठी बाजूला ठेवायचे थोडे, असे ८,००० धरू. एकूण ३३,०००. आता कामाचे तास किती? इथंच सगळे फसतात. ‘आठ तास’ म्हणू नका. सोसायटीच्या गेटवर नोंद होऊन, अ‍ॅपवर मालकाची परवानगी येऊन वर जायला वेळ जातो. बऱ्याच सोसायट्यांत दुपारी दोन ते चार काम बंद. लिफ्ट कधी सर्व्हिस लिफ्टच वापरायची, तीही एकच. एका घरातून दुसऱ्या घरी जायचं. सगळं वजा केलं की काचेवर हात असतो तो दिवसाला पाचेक तास, आणि महिन्यात असे दिवस २२ मिळाले तरी चांगलं. म्हणजे ११० तास. ३३,००० भागिले ११०, तासाला ३००.

हा तुमचा पाया. जाळीसकट स्लायडिंगला ३५ मिनिटं लागत असतील तर १७५ रुपये. लूव्हरला अर्धा तास लागत असेल तर १५०. आकडे तुमचे वेगळे येतील, रीत हीच. समोरच्या गल्लीतला १०० मध्ये करतो म्हणून तुम्हीही करू लागलात, तर तो ट्रॅकला हात लावतो का, हे आधी बघा. बहुतेकदा लावत नाही.

हेल्पर घेतला की वेळ निम्मा होतो, हाही एक समज. बादली एक, नळ एक, खिडकी एक. दोघं एकमेकांची वाट बघण्यातही वेळ जातो. त्याचा रोज खर्चात पूर्ण धरा, वेळेतली बचत मात्र मोजून पाहिल्याशिवाय धरू नका.

आणि किमान आकारणी ठेवा. राहता कोथरूडला आणि फोन आला खराडीहून, ‘फक्त बाल्कनीची एक काच आहे हो’. जायला तास, यायला तास. दोन तासांच्या कामाचे पैसे ही कमीतकमी रक्कम ठरवली, वरच्या हिशोबात ६००, की असे फोन आपोआप दोन प्रकारचे होतात: एक रद्द होतो, नाहीतर ‘मग बाकीच्या पण खिडक्या करून टाका’ म्हणतो.

फोनवरच उक्तं सांगून टाकणं

‘टू बीएचके आहे, किती घ्याल?’ या प्रश्नाला आकड्यात उत्तर देऊ नका. टू बीएचके म्हणजे काहीच कळत नाही. खिडक्या चार की नऊ, घरात माणसं राहतात की बिल्डरकडून आत्ताच ताबा मिळालाय, शेजारी बांधकाम चालू आहे का, खिडकीत कुंड्या आहेत का? उक्तं काम घेतलं आणि आत सिमेंटचे थेंब निघाले की ते अंगावरच येतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवा, त्यातही ट्रॅकचा जवळून एक. मग असं काहीसं लिहून पाठवा:

‘नमस्कार मॅडम, फोटो पाहिले. स्लायडिंग ४ (जाळीसकट), लूव्हर २. काच आतून आणि हात पोचेल तिथपर्यंत बाहेरून, ट्रॅक, जाळ्या सगळं धरून १,००० रुपये. ग्रिल आणि पाण्याचे पांढरे डाग यात नाहीत, ते जागेवर पाहून सांगेन. शनिवारी सकाळी १० ला येतो. साडेतीन तास लागतील, एक बादली आणि नळ लागेल. पैसे काम झाल्यावर, यूपीआय चालेल.’

यात काय धरलं नाही, हे लिहिलेलं वाक्य सगळ्यात मोलाचं. भांडण होतं ते नेहमी तेवढ्याच भागावरून.

पांढऱ्या डागांचं वचन देणं

बोअरवेलच्या, टँकरच्या जड पाण्याचे शिंतोडे काचेवर वर्षानुवर्षं वाळत राहिले की चुन्याचा थर बसतो. कुंडीतून ओघळणारं पाणी, गॅलरी धुताना उडालेलं पाणी, सगळं त्यातच. हा थर साबणानं जात नाही, आणि फार जुना असेल तर काचच खरबरीत होते. तिथं साध्या सफाईचा इलाज चालत नाही. ‘सगळं चकाचक करून देतो’ म्हणालात की अर्धा दिवस एकाच काचेवर घासत बसाल आणि शेवटी ‘गेले नाहीत हो डाग’ म्हणून पैसेही कापले जातील.

एका कोपऱ्यात हातभर जागा करून दाखवा. जातात म्हटल्यावर त्या काचेचा दर वेगळा सांगा, वेळेच्याच हिशोबाने. टॉयलेटचं अ‍ॅसिड वापरून झटपट काम उरकायचा मोह टाळा. ते अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनवर, म्हणजे चौकटीच्या पट्ट्यांवर, उतरलं की तिथं कायमचे पांढरट चट्टे पडतात, आणि खिडकीची भरपाई तुमच्या आठवड्याच्या कमाईपेक्षा मोठी असते. ब्लेडचंही तसंच. रिफ्लेक्टिव्ह काचेच्या कोटिंगवर किंवा सनफिल्मवर ब्लेड फिरवलं की संपलं. जुने रोलर, फाटलेली जाळी, तडा गेलेली काच कामाआधी मालकांना दाखवून फोटो काढून ठेवा. यात संकोच कसला?

पहिल्या सफाईला नियमित सफाईचा दर लावणं

तीन वर्षं हात न लागलेली खिडकी आणि दर तीन महिन्यांनी होणारी खिडकी, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नियमित काम मिळेल या आशेनं पहिल्याच दिवशी कमी दर सांगितला, तर पहिली सफाई तोट्यात होते आणि पुढचा फोन येईलच याची खात्री नाही. पहिल्या वेळेचा दर पूर्ण घ्या. पुढच्या वेळी तीन महिन्यांच्या आत बोलावलं तर कमी, असं स्पष्ट सांगा. ही सूट खरी आहे, कारण तुमचा वेळही खरंच कमी लागणार आहे.

घासाघीस आणि ‘ओळखीचा भाव’

‘दादा, शंभर कमी करा की.’ हजारातले शंभर म्हणजे दहा टक्के, असं वाटतं. पण त्या हजारात समजा २०० तुमचा खर्च आहे, हातात येणार होते ८००. शंभर गेले ते या आठशेतून, म्हणजे साडेबारा टक्के. दर कमी करायचाच तर काम कमी करा: ‘काकू, जाळ्या यावेळी ठेवू का? मग नऊशेत बसवतो.’ निम्म्या वेळा उत्तर येतं, ‘नको, जाळ्याही करा’.

घरात झुंबर दिसलं म्हणून दोनशे चढवणं ही याच चुकीची दुसरी बाजू. एकाच सोसायटीत पाचव्या मजल्यावर एक दर आणि नवव्यावर दुसरा, हे दोन दिवसांत लिफ्टमध्ये कळतं. सोसायटीच्या ग्रुपवर पडलं की पुढची कामं गेलीच. दरपत्रक एकच ठेवा. दिवाळीआधी मागणी उसळते तेव्हा दर दुप्पट करण्यापेक्षा बुकिंग आगाऊ घ्या, थोडा बयाणा घ्या आणि रोज दोन घरं जवळजवळची लावा. जाण्यायेण्यातला वाचलेला तास हीच सीझनची कमाई.

बाहेरची बाजू ‘जास्त पैशांत’ घेणं

ज्या बाहेरच्या काचेला आतून उभं राहून, टेलिस्कोपिक दांड्यानं हात पोचत नाही, तिचा दर नसतो. बॉक्स ग्रिलमध्ये उतरून, छज्ज्यावर पाय टाकून पुसा म्हणणारी माणसं भेटतात आणि वर पाचशे देऊ करतात. ते काम दोरावर उतरणाऱ्या प्रशिक्षित टोळीचं, हार्नेस आणि पाळण्याचं. सरळ नाही म्हणा. दोन मजल्यांच्या आतलं शिडीचं काम करत असाल तर वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँक खात्याला जोडून घ्या. १८ ते ७० वयापर्यंत मिळते आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण देते. उंचीच्या मानाने ते फारच थोडं आहे, पण तेवढंही अनेकांकडे नसतं.

बिलातल्या चुका

सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावताही येत नाही. दुकान, क्लिनिक, ऑफिसवाले ‘जीएसटी बिल द्या’ म्हणाले तर हे सांगा, साधं बिल द्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र करून ठेवा, फुकट होते. तो नंबर बिलावर छापला की सोसायटीच्या कमिटीला, ऑफिसच्या अकाउंट्सवाल्यांना जाणीव राहते की अशा नोंदणीकृत छोट्या व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे, असा २००६ चा कायदा आहे. तीन हजारांच्या उधारीसाठी कुणी दाद मागत बसत नाही, हे खरं. पण छापील नंबर बघून फोन उचलले जातात.

गाडी आधीच रुळावरून घसरली असेल तर

प्रत्येक जण पहिल्याच फटक्यात ‘हो, या’ म्हणतोय आणि तारखा पंधरा दिवस भरलेल्या असूनही पैसा उरत नाहीये: दर कमी आहे. नव्या गिऱ्हाइकांना आजपासून वाढवून सांगा, जुन्यांना पुढच्या वेळेपासून.

दहातले आठ जण आकडा ऐकून गप्प होतात: दर जास्त असेलच असं नाही. आधी निरोप तपासा. नुसता ‘१,०००’ असा आकडा पाठवला की महागच वाटतो. ट्रॅक, जाळ्या, दोन्ही बाजू लिहिल्या की तोच आकडा वेगळा दिसतो.

काम चालू असताना न सांगितलेली घाण निघाली: हात थांबवा, मालकांना बोलवून दाखवा, वाढीव रक्कम ठरल्यावरच पुढं जा. काम संपल्यावर सांगितलेले जादा पैसे क्वचितच मिळतात.

जुन्या गिऱ्हाइकाचा दर वाढवायचाय: महिनाभर आधी कळवा. ‘काका, दिवाळीपासून स्लायडिंगचे १५० ऐवजी १७५ होतील, त्याआधीचं बुकिंग जुन्याच दरात.’ कारणांची यादी देत बसू नका.

पावसाळ्यात फोन बंद पडतात: दर पाडू नका, काम बदला. मेच्या शेवटी सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना कळवा की ट्रॅकची भोकं बुजलेली असतील तर पहिल्याच जोराच्या पावसात पाणी आत येईल. काच न करता नुसते ट्रॅक मोकळे करून द्यायचे, खिडकीला २० मिनिटं, १०० रुपये. सहा खिडक्यांच्या घरात किमान आकारणी बरोबर निघते.