सबवूफर लावल्यापासून गाडी खडखडतेय? शीट घ्यायच्या आधी हे करून बघा

बारा इंची वूफर, पोर्टवाला (हवेसाठी भोक ठेवलेला) डबा, ऍम्प म्हणजे ऍम्प्लिफायर, सगळं दणक्यात बसवलं आणि गाणं लावलं तर बेसपेक्षा डिकीचीच खडखड जास्त, हे भरपूर जणांचं होतं. मग ऍक्सेसरीजवाला सांगतो पूर्ण गाडीला डॅम्पिंग करून घ्या, माणूस हजारो रुपये घालवून डॅम्पिंगची चिकट शीट लावून येतो, आणि नंबर प्लेट वाजते ती वाजतेच. कारण शीटचं काम वेगळं आहे. ती पत्र्याला चिकटते आणि पत्र्याची स्वतःची थरथर कमी करते. खडखड मात्र बहुतेक वेळा दोन वस्तू एकमेकांवर आपटून होते, प्लास्टिक प्लास्टिकवर, वायर पत्र्यावर, प्लेट बंपरवर. तिथे मधे काहीतरी मऊ सारायचं नाहीतर ती वस्तू घट्ट आवळायची, एवढंच असतं. म्हणून आधी शोधा, खरेदी नंतर.

पहिलं काम फुकटातलं, गाडी रिकामी करा. डॅशबोर्डवरचा गणपती, दारातल्या बाटल्या, कप होल्डरमधली चिल्लर, चष्म्याच्या खणातला चष्मा, डिकीतला जॅक आणि त्याचा दांडा, पाने, सगळं बाहेर. स्टेपनीचा नट हाताने आवळून बघा, तो ढिला असतो हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. मागच्या सीटबेल्टची बकलं एकमेकांवर आपटत असतील तर बेल्ट लावून टाका. बऱ्याच गाड्यांची निम्मी कटकट इथेच संपते.

आता शोधकाम. गाणं लावून शोधू नका, गाण्यात ठोका येतो आणि जातो, तुम्ही कान लावेपर्यंत आवाज गायब. मोबाईलवर टोन जनरेटरचं, म्हणजे एकच सूर सलग वाजवणारं, कुठलंही ऍप घ्या, मोबाईल गाडीच्या स्टिरिओला जोडा आणि २० हर्ट्झपासून १०० पर्यंत हळूहळू वर न्या. मधेच एखाद्या आकड्यावर काहीतरी खणखणायला लागेल, तिथेच थांबा. एकाने मोबाईल सांभाळायचा, दुसऱ्याने तळहात घेऊन फिरायचं, ट्रिम (आतलं प्लास्टिकचं आवरण) दाबा, प्लेट दाबा, डिकीचं झाकण दाबा. जिथे दाबल्यावर आवाज बंद होतो ती जागा तुमची, तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर आकडा लिहा आणि पुढे चला. एक खडखड बंद झाली की तिच्यामागे लपलेली दुसरी ऐकू यायला लागते, त्यामुळे सगळ्या एकाच फेरीत सापडतील असं धरू नका.

दोन गोष्टी सांभाळा. सलग टोनने वूफरची कॉइल तापते, त्यामुळे आवाज निम्म्यावर ठेवा आणि एका आकड्यावर फार वेळ थांबू नका, जळकट वास आला की लगेच बंद. बॅटरी उतरेल म्हणून इंजिन चालू ठेवणार असाल तर गाडी उघड्यावर घ्या, बंद गॅरेजमधे अजिबात नाही. आणि हे दिवसा करा, रात्री सोसायटीत ३५ हर्ट्झचा टोन लावलात तर खाली कोण येईल ते तुम्हाला माहितीये.

हॅचबॅकमधे बहुतेक गुन्हेगार डिकीतच सापडतात. डिकीच्या झाकणाला दोन्ही बाजूंना रबरी बफर असतात, बऱ्याच गाड्यांत ते फिरवून वरखाली होतात. अर्धा-एक आटा बाहेर काढा, झाकण जरा दाबून बंद व्हायला लागलं की बरोबर. फार बाहेर काढलेत तर लॉक बसायला त्रास होतो. पार्सल ट्रे जिथे टेकतो त्या कडांना फेल्टची टेप लावा, शिंप्याच्या दुकानातल्या जाड कापडाचा तुकडाही चालतो, पण चिकटवा नीट. ट्रेच्या दोऱ्यांची प्लास्टिकची बोंडं पण टकटक वाजतात.

नंबर प्लेटची गंमत वेगळीच आहे. जुनी प्लेट असेल तर स्क्रू काढून मागे फोम टेप लावता येते. पण एचएसआरपी (नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) स्नॅप लॉकने बसवलेली असते, ती उचकटलीत तर लॉक तुटतं आणि परत लागत नाही. ती काढायचीच नाही, मागच्या फटीतून दाराच्या फटींना लावतो तसली फोमची पट्टी स्केलसारख्या पातळ प्लास्टिकने सरकवायची, चार कोपरे आणि मधे एक.

दाराचा आवाज असेल तर डोअर पॅड उघडावं लागतं. क्लिपा तुटणार हे धरूनच चला, आधीच डझनभर नवीन आणून ठेवा, स्वस्त मिळतात, आणि एक क्लिप जरी नसली तरी पॅड परत वाजणारच. आत लॉकचे रॉड आणि वायरिंग पत्र्यावर आपटत असतात, त्यांना फोम नाहीतर कापडी वायरिंग टेप गुंडाळा. इथे शीटचा खरा उपयोग, बाहेरच्या पत्र्याला आतून लावा. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, मधल्या मोठ्या सपाट भागावर पाव ते अर्धा पत्रा झाकला तरी फरक कळतो. पत्रा टकटक करून बघा, पोकळ टणटण वाजला की तिथे लावायचं. आधी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, कोरडं होऊ द्या, मग रोलरने दाबत जा, फॉइलवरची नक्षी सपाट झाली की चिकटली समजा. पावसाळ्यात दमट पत्र्यावर लावलेली शीट सुटते. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका नाहीतर दार आतून गंजेल, आणि पॅड लावायच्या आधी काच पूर्ण वरखाली करून बघा. ब्यूटिल रबराचीच शीट घ्या. गच्चीची डांबराची शीट स्वस्त पडते म्हणून गाडीत लावणारे आहेत, पण जळगाव-नागपूरच्या मे महिन्यात ती मऊ पडते आणि गाडीत रस्त्याचा वास येत राहतो.

पिलरच्या (काचेच्या बाजूच्या खांबाच्या) ट्रिमवर एअरबॅग लिहिलं असेल तर तिथे फोम कोंबू नका, ट्रिम ओढूही नका, ते काम सर्व्हिस सेंटरचं. सीएनजीवाल्या गाडीत टाकीचा पट्टा वाजत असेल तर स्वतः हात न लावता किटवाल्याकडून आवळून घ्या.

डबा पण तपासा. तो नुसता कार्पेटवर ठेवलेला असेल तर सरकतो आणि सीटला धडकतो, पट्ट्याने बांधा. खाली भोकं पाडून क्लॅम्प लावायचा मोह होतो, पण आधी वाकून बघा, मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते आणि ब्रेकची पाइपही जवळून जाते. फुस्स असा आवाज येत असेल तर ती खडखड नसून डब्यातून हवा गळतेय, वूफरचे स्क्रू आणि वायरच्या टर्मिनलची कड बघा.

एवढं करून थोडं उरलंच तर ऍम्पकडे वळा. बेस बूस्ट शून्यावर, लो पास (याच्या वरचे सूर वूफरला जाऊ न देणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास, आणि पोर्टचा डबा असेल तर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) २५ ते ३० वर. पोर्ट ज्या हर्ट्झला जुळवलेला असतो त्याच्या खालचा बेस वूफरला नुसताच हलवतो, ऐकू फारसं येत नाही, गाडी मात्र थरथरते. आतला आरसा हलून मागची गाडी दोन दोन दिसायला लागली तर त्याला शीट नाही की टेप नाही, आवाज दोन आकडे खाली घ्या.