कंपनीत व्यायाम सुरू करताय? आधी या चुका टाळा

योगदिन किंवा रथसप्तमी जवळ आली की एचआरचा मेल येतो: सगळ्यांनी मिळून 108 सूर्यनमस्कार घालायचे. वर्षभर खुर्चीत बसलेल्या माणसाला एका सकाळी एवढे घालायला लावणं धोक्याचं आहे. मनगटं, खांदे, कंबर धरते. अतीच झालं तर स्नायू तुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि किडनीवर ताण येतो. व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायला हवं. दोन-तीन दिवस नुसतं अंग दुखणं वेगळं, ते आपोआप जातं. सुरुवात पाच-सहा नमस्कारांनी करा, मग हळूहळू वाढवा.

त्याहून मोठी चूक म्हणजे आरोग्याची माहिती भलत्याच हातात देणं. छातीत दुखतं का, चक्कर येते का, बीपीची गोळी चालू आहे का, हे विचारायलाच हवं. पण भरलेला फॉर्म सुपरवायझरच्या टेबलावर जाणार असेल तर खरं कोण लिहील? कंत्राटी कामगार तर नाहीच. पुढच्या महिन्यात गेटपास मिळणार नाही, ही त्याची भीती खोटी नसते. फॉर्म थेट कंपनीच्या डॉक्टरांकडे जाऊ द्या. त्यांनी ट्रेनरला एवढंच कळवावं: यांना चालेल, यांना उड्या नकोत, यांनी सध्या पुढे वाकू नये.

सक्ती नकोच. हजेरी मांडली की अंगात कणकण असलेला, रात्रपाळी करून निघालेला, दिवस गेलेत पण अजून कुणाला सांगितलं नाही अशी, सगळे रांगेत उभे राहतात. कुणी 'आज नको' म्हणालं तर कारण विचारू नका.

शॉप फ्लोअरवर जागा बघा. तेलकट फरशी, पायात जड सेफ्टी शूज आणि त्यात उड्या, म्हणजे पाय मुरगळणारच. तिथे मान, खांदे, पाठ, पोटऱ्या मोकळ्या करायला पाच-सात मिनिटं पुरतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली दमवणारा व्यायाम ठेवू नका.

आणि घामाघूम झालेला कुणी 'ॲसिडिटी असेल' म्हणत छाती चोळू लागला, तर लिंबू-सोडा देऊन वाट बघत बसू नका. लगेच 108 ला फोन लावा. शुद्ध हरपली आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्या, आणि एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, आणायला दुसऱ्याला पळवा. ते यंत्र कुठे ठेवलंय आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, हे ट्रेनरला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा.